लिलावातली बिदरी गुडगुडी
आमच्या मुरुमहून बीदर काही फार दूर नाही. तरी बिदरी गुडगुडी घेताना मी फसलोच! एका लिलावात तिचे पाण्याचे भांडे लखलखीत दिसले आणि मी बोली चढवीत गेलो. घरी आल्यावर उमगले, कुणी तरी घासून तिचा काळा रंगच घालवला होता. बिदरीचे अंग जस्ताचे, त्यात थोडे तांबे. नवसागर आणि किल्ल्यातली माती यांनी ते काळे होते. चांदी तेवढी पांढरी राहते. तेव्हा तुम्ही चकाकीला भुलू नका. वेलबुट्टीवरून नख फिरवा, तार निखळलेली खाच कळेल. भांडे उलटे करून डाग दिल्याची खूण शोधा. हे अंग ठिसूळ, पडले की तडकते. माझे भांडे मी बीदरला कारागिराकडे धाडले आहे, पुन्हा काळे करायला.