सिकलसेल : नवे संशोधन आणि आपले कर्तव्य



गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल हा आजार आनुवंशिक आहे. तो स्पर्शाने पसरत नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णास असह्य वेदना होतात.

गर्भावस्थेत शरीरात निराळे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर त्याची निर्मिती जवळजवळ थांबते. ती पुन्हा सुरू करण्याची युक्ती शास्त्रज्ञांना साधली आहे. रक्त निर्माण करणाऱ्या मूळ पेशी रुग्णाच्या शरीराबाहेर काढून, ही निर्मिती रोखणारा जनुक ‘क्रिस्पर’ नामक रेणूंच्या कात्रीने निष्प्रभ करतात व त्या पेशी परत देतात. या कात्रीच्या शोधाबद्दल शार्पेंतिए व डाउडना या दोन विदुषींना २०२० चे नोबेल पारितोषिक लाभले. २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने या उपचारास मान्यता दिली.

परंतु अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. आपल्या पाड्यांवरील मुलांनी तोवर वाट पाहत राहावे काय? रक्ततपासणी आजही शक्य आहे. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून विवाहापूर्वी तपासणी हवी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे.

वाहक असणे हा रोग नव्हे, कलंक तर मुळीच नव्हे. ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात व सरपंचांनी ग्रामसभेत सांगावी, एवढीच विनंती.