फुलराणीला कान देऊन ऐका



बोलण्याला सुरुवात करण्याआधी एक छोटा प्रयोग करू. बसल्या जागी 'न' म्हणा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकतं. आता 'ण' म्हणा. तेच टोक मागे वळून टाळूला लागतं आणि सुटतं. जिभेचा प्रवास बोटभरही नाही. पण तेवढ्यावरून आपण समोरच्याचं गाव, घर आणि शिक्षण ओळखल्याच्या थाटात वागतो. 'पाणी' म्हणणाऱ्याला खुर्ची देतो, 'पानी' म्हणणाऱ्याला दारात उभं ठेवतो.

या एवढ्याशा अंतरावर मराठीत एक अख्खं नाटक उभं आहे. पु. ल. देशपांडे यांचं 'ती फुलराणी'. 1975 साली ते रंगभूमीवर आलं. आज ते नाटक कसं ऐकावं, याविषयी मला बोलायचं आहे.

त्याचं मूळ जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'मध्ये आहे. त्याचा पहिला प्रयोग 1913 साली व्हिएन्नात झाला, तोही जर्मन भाषेत. रस्त्यावर फुलं विकणारी मुलगी आणि तिच्या तोंडी वरच्या वर्गाची भाषा बसवून दाखवण्याची पैज घेणारा ध्वनिशास्त्राचा प्राध्यापक, अशी ही गोष्ट. शॉच्या एलायझाची पुलंनी मंजुळा केली. लंडनच्या कष्टकऱ्यांच्या बोलीत 'ह' गळतो. ही लकब जशीच्या तशी मराठीत आणून काही साधलं नसतं. पुलंनी आपल्याकडचे बोलण्यातले भेद टिपले, म्हणून मंजुळा आपल्याच शेजारच्या गल्लीतली वाटते.

आता ऐकायच्या जागा सांगतो, काही पुलंच्या आणि काही मूळ शॉच्या नाटकातल्या.

पहिली जागा मंजुळाच्या रागातल्या गाजलेल्या स्वगताची. शिकवणीत अडखळणारी ही मुलगी रागावली की किती सरळ, नेमकं आणि लयीत बोलते, ते ऐका. इथे भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की आठवतात; त्यांनी 1959 साली मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या पुस्तकावर गाजलेली टीका लिहिली. भाषा म्हणजे बक्षीस आणि शिक्षेनं लागलेली सवय, हे स्किनर यांचं म्हणणं त्यांनी खोडून काढलं. भाषा घडवण्याची शक्ती माणूस जन्मतःच घेऊन येतो, असं चॉम्स्कींचं मत. मंजुळाचं स्वगत ऐकताना ते पटतं. तिच्याजवळ पूर्ण भाषा आहे, तिचं व्याकरणही पक्कं आहे. फक्त ते प्राध्यापकाच्या पुस्तकातलं नाही. शॉचा प्राध्यापक एलायझाला चॉकलेटचं आमिष दाखवतो, तेव्हा तो स्किनर यांच्या वाटेनं चाललेला असतो. स्किनर यांचं पुस्तक यायला तेव्हा चाळीसहून अधिक वर्षं होती.

दुसरी जागा मधल्या अवस्थेची. शॉच्या नाटकात एलायझाला पहिल्यांदा बड्या घरच्या चहाला नेतात. उच्चार काचेसारखे स्वच्छ. पण बोलते काय, तर आपली मावशी कशी मेली, तिला कुणीतरी संपवलंच असणार! सूर नवा, गोष्ट जुन्या वस्तीतली. नवी भाषा शिकणारा माणूस दोन किनाऱ्यांच्या मध्ये स्वतःची एक तात्पुरती भाषा रचतो, असं भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी 1972 साली मांडलं. त्या प्रवेशाला प्रेक्षक हसतात. तुम्हीही हसा, पण त्या मुलीची धडपडही ऐका. आवाज उसना घेता येतो. कुठे काय बोलावं, हे त्या जगात राहूनच कळतं.

तिसरी जागा मला सर्वांत मोलाची वाटते. एलायझा शेवटी सांगते की तिचं खरं शिक्षण प्राध्यापकाचे स्नेही कर्नल पिकरिंग यांच्यामुळे सुरू झालं. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला मानानं हाक मारली होती. भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी हेच पुढे शास्त्राच्या भाषेत सांगितलं. भीती आणि अपमान असला की मनाला एक झडप बसते. शब्द कानावर पडतात, आत उतरत नाहीत.

आणि चौथी जागा. एलायझा म्हणते, परक्या देशात आणलेल्या लहान मुलासारखी मी माझी भाषा विसरले. एवढ्यात तिचा बाप समोर येतो आणि तिच्या तोंडून तोच जुना चीत्कार बाहेर पडतो. घरची भाषा पुसली जात नाही, हे शॉनं एका आवाजात दाखवलं.

मराठी प्रयोगात आणखी एक गंमत होती. मंजुळा अजरामर केली ती भक्ती बर्वे यांनी. त्या दूरदर्शनवर बातम्या वाचत. म्हणजे मंजुळा ज्या भाषेकडे धडपडत निघाली, ती भाषा भक्तीताईंची रोजची होती. त्यांना उलट्या दिशेनं जावं लागलं असणार, मंजुळेची जीभ कमवावी लागली असणार. ज्यांनी त्यांचा प्रयोग पाहिला, त्यांना हे कमावलेपण कुठेही जाणवलं नाही. अभिनयातलं भाषाशिक्षण म्हणतात ते हे.

श्रोतेहो, हे सारं मी नवी मुंबईत बसून सांगतो आहे, त्याला कारण आहे. 1970 साली सिडको ही नगरविकास संस्था स्थापन झाली आणि ठाणे-रायगडमधल्या 95 गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. त्या गावांची भाषा आगरी आणि कोळी. तिथे पाण्याचं 'पानी' होतं, डोळ्यांचे 'डोले' होतात. बाहेरून आलेल्या आपण सर्वांनी आपापली मराठी इथे आणली आणि इथल्या मुलांना वर्गात सांगितलं, नीट बोला. मंजुळेची शिकवणी या शहरात आजही चालू आहे.

एकदा बाजारात गजरेवालीजवळ दोन मिनिटं थांबा. शेजारणीशी ती घरच्या बोलीत बोलेल, तुमच्याशी पुस्तकी मराठीत, पुढच्या गिऱ्हाइकाशी हिंदीत. श्वास घेण्याइतकाही वेळ न दवडता ती भाषा बदलते. हे कौशल्य कमी दर्जाचं कसं म्हणायचं?

वाशीच्या नाट्यगृहाला विष्णुदास भाव्यांचं नाव आहे. 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' करून त्यांनी मराठी नाटकाची वाट घालून दिली. त्या किंवा कुठल्याही नाट्यगृहात 'ती फुलराणी' लागलं, तर जरूर जा. मंजुळा बोलू लागली की क्षणभर डोळे मिटा आणि तिची जीभ कुठे टेकते ते ऐका. मग बाहेर पडल्यावर तुम्हाला कुणी 'पानी' विचारलं, तर त्याला आधी पाणी द्या आणि मानानं हाक मारा. भाषा तिथूनच सुरू होते.