अर्थव्यवस्थेचा पाठ घरापासून



हायस्कुलातील आपली मुले भांडवलशाही, समाजवाद, मिश्र अर्थव्यवस्था यांच्या व्याख्या घडाघडा म्हणतात; परंतु घरची हळद अमुकच भावाने का गेली, हे त्यांना उमगत नाही. वास्तविक आपला हिंगोली जिल्हाच त्यांचे पाठ्यपुस्तक होय. बलुतेदारीत काम जन्माने ठरे, मोबदला रूढीने. हैदराबाद संस्थानात जहागिरीचा शेतसारा जहागीरदाराकडे जाई. ती पद्धत १९४९ साली रद्द झाली. आज हळदीचा भाव बाजार समितीच्या लिलावात ठरतो. वसमतच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्याचे मालक सभासदच. सिद्धेश्वर धरण मात्र शासनाचे.

प्रत्येक ठिकाणी मुलांनी तीन प्रश्न विचारावेत : मालक कोण? भाव कोण ठरवितो? तोटा कोण सोसतो? शिक्षकांनी त्यांना लिलाव दाखवावा. पालकांनी घरची हिशेबाची वही त्यांच्यापुढे उघडावी. जन्माने धंदा ठरविणारी व्यवस्था आपल्या पूर्वजांनी निमूटपणे सोसली. आपल्या मुलांनी, आणि मुलींनीही, आजची व्यवस्था डोळसपणे पारखावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.