मेथीचा चमचा

(सुवर्णमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी मलावरोधासारखा विषय निवडल्याबद्दल प्रारंभीच क्षमा मागतो. परंतु घरापासून दूर राहणाऱ्या मंडळींत हा विकार जितका सार्वत्रिक, तितकाच अनुच्चारित आहे. बदलीचा हुकूम येतो, दोन रात्रींचा आगगाडीचा प्रवास घडतो, पाणी जपून प्यायले जाते, शौचाची भावना दाबली जाते, भाकरी सुटते. आणि नव्या गावी पोट पंधरा दिवस संप पुकारून बसते.

आमच्या मातोश्री अशा वेळी मेथीचे दाणे देत. तो कडू, पिवळसर दाणा आम्हांला बदलीच्या प्रत्येक गावी भेटला. बंगालच्या पांचफोरनमध्ये तो होता, तमिळनाडूत इडलीच्या पिठात ‘वेंदयम’ म्हणून होता, गुजरातेत लोणच्याच्या मसाल्यात होता.

दाणे रात्री भिजत घातले की त्यांना बुळबुळीत चिकटा सुटतो. सारे मर्म त्यातच आहे. हा चिकटा म्हणजे पाण्यात विरघळणारा तंतुमय पदार्थ. तो लहान आतड्यात पचत नाही आणि पाणी धरून ठेवतो. मोठे आतडे मलातील पाणी शोषून घेत असते. मल तेथे जितका रेंगाळेल, तितका तो कोरडा होतो. पाणी धरणारे काही सोबत असले की तो मऊ राहतो. इसबगोलाचे कार्य याच तत्त्वावर चालते. मात्र मलावरोधावर इसबगोलाचा जेवढा शास्त्रीय अभ्यास झाला आहे, तेवढा मेथीचा झालेला नाही, हे प्रांजळपणे सांगावयास हवे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मेथीचा अभ्यास केला, तो मधुमेहाच्या संदर्भात.

लहान चमचाभर दाणे पेलाभर पाण्यात रात्रभर भिजवावेत आणि सकाळी त्या पाण्यासह चावून खावेत. कोरडी पूड कदापि गिळू नये. तरुणपणी कचेरीच्या घाईत आम्ही तो पराक्रम केला आणि दिवसभर फुगलेले पोट घेऊन फायली उपसल्या! शिवाय चमचाभर मेथी म्हणजे सुमारे ४ ग्रॅम; तीतून तंतुमय पदार्थ मिळतो जेमतेम १ ते २ ग्रॅम, आणि प्रौढास दिवसाला लागतो सुमारे ३० ग्रॅम. तेव्हा भाकरी, उसळ, पालेभाजी, पेरू आणि भरपूर पाणी यांवाचून एकटी मेथी काय करणार?

मधुमेहाची वा रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवती भगिनींनी वैद्यकीय सल्ल्यावाचून ती औषध म्हणून घेऊ नये. भुईमूग वा हरभरा ज्यांना सोसत नाही, त्यांनीही जपावे.

आता आमचीच गोष्ट. पन्नाशी उलटल्यावर आमची वर्षानुवर्षांची सवय अकस्मात बिघडली. आम्ही मेथी वाढविली. पुढे रक्त दिसू लागले. मूळव्याध असेल, असे स्वतःच ठरवून मोकळे झालो. सहा महिने घरात अवाक्षर काढले नाही. कचेरीत दुसऱ्यांच्या रजेच्या अर्जांवर शेरे मारणाऱ्यास स्वतःसाठी एक दिवसाची रजा मागण्याची लाज वाटली. अखेर कमरेचा पट्टा दोन भोके आत गेलेला सौभाग्यवतींनी पाहिला आणि त्या आम्हांस रुग्णालयात घेऊन गेल्या. दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्यात गाठ आढळली. शस्त्रक्रिया झाली, आम्ही वाचलो. “सहा महिने काय करीत होतात?” असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा आम्ही मेथीचे नाव घेतले. ते हसले नाहीत.

म्हणून या सभेत संकोच सोडून सांगतो. मलातून रक्त जाणे, कारणावाचून वजन घटणे, पंडुरोग, उलटीसह पोट फुगून वायूही न सरणे, किंवा पन्नाशीच्या आसपास सवय एकाएकी पालटून तशीच राहणे, यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास मेथीचा डबा मिटवावा आणि डॉक्टरांकडे जावे.

आमच्या डॉक्टरांनी यथावकाश मेथी पुन्हा खाण्यास अनुमती दिली. आता ती बहुधा मोड आणून, उसळीच्या रूपाने पानात येते. कडूपणाही बराच उतरतो. कृती हवी असल्यास सौभाग्यवती तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.