बारा मीटर

कुठे कार्यक्रमाला बोलावलं की माझी ओळख ‘आयर्नमॅन पूर्ण केलेल्या’ अशी करून देतात. बाईला ‘मॅन’ कसं म्हणतात, याचं आमच्या शेजारच्या आजींना अजून हसू येतं. आज त्या ओळखीबद्दलच बोलणार आहे. तिच्यात एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, एकापाठोपाठ एक, मध्ये घड्याळ न थांबवता. त्यातला मोठा प्रकार आयर्नमॅन. ३.८ किलोमीटर पोहायचं, १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि मग ४२.२ किलोमीटर धावायचं. १९७८ साली हवाईत पहिली स्पर्धा झाली तेव्हा १५ जण उतरले होते, १२ जणांनी ती पूर्ण केली. आज जगभरातल्या अशा स्पर्धांत हजारो हौशी माणसं असतात. नोकरी सांभाळून, स्वतःचे पैसे घालून आलेली. त्यांचे वयोगट असतात, १८ ते २४ आणि पुढे पाच-पाच वर्षांचे. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला जे वय होणार तेच धरतात. माझा जन्म डिसेंबरचा, म्हणजे मी सहा महिने आधीच म्हातारी.

पहिल्या नंबरासाठी आमच्यातले थोडेच धावतात. बाकीच्यांची लढाई घड्याळाशी. सुरुवातीपासून २ तास २० मिनिटांत पाण्याबाहेर, साडेदहा तासांत सायकलवरून खाली, आणि १७ तासांत सगळं संपलं पाहिजे. एक सेकंद उशीर झाला तरी चालत नाही. जपानचे हिरोमु इनादा २०१५ साली हवाईत ८२व्या वर्षी अवघ्या काही सेकंदांनी चुकले. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले आणि वेळेत पोचले. २०१८ साली ८५व्या वर्षी तर त्यांनी तिथे सर्वांत वयस्कर म्हणून नाव लावलं.

मी सांगलीची. वडिलांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकवलं. पूर आला की आयर्विन पुलावरून उड्या मारणारी पोरं बघत आम्ही वाढलो. मुलींना उडी मारायला कोण देणार! पण पाण्याची भीती कधी वाटली नाही. सायकल मात्र चाळिशीनंतर हातात आली. बँकेची नोकरी, त्यामुळे सराव पहाटे साडेचारला. सांगली-कोल्हापूर रस्त्यावर अंकलीच्या पुलाच्या पुढे गेलं की हंगामात उसाच्या ट्रॉल्या. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. घरी परत येईपर्यंत आमच्या ह्यांचा जीव टांगणीला. चढाच्या सरावाला दंडोबाचा डोंगर. सासूबाईंनी कधी अडवलं नाही, फक्त म्हणायच्या, “एवढं पैसे देऊन कशाला दमायचं गं?” याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

२०१८च्या जुलैत मी ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टला गेले. वयोगट ५० ते ५४. तिथलं पोहणं वोर्थरझे नावाच्या मोठ्या तलावात आणि शेवटी एका अरुंद कालव्यात. दोन्ही काठांवर माणसं इतकी जवळ की श्वास घ्यायला मान वळवली की चेहरे दिसतात. मला आपल्याकडच्या पाटात पोहल्यासारखं वाटलं. दीड तासाच्या आत मी बाहेर होते.

सायकलवर मात्र हिशेब बिघडला. दंडोबाचा चढ एकदा चढला की संपतो. तिथे एक उतरलं की दुसरा समोर. १४० किलोमीटर झाले तेव्हा घड्याळात ८ तास ३५ मिनिटं. उरलेल्या ४० किलोमीटरना १ तास ५५ मिनिटं, म्हणजे ताशी २१चा वेग हवा. समोरून वारा आणि माझा वेग १८.

तेवढ्यात एक धिप्पाड गृहस्थ माझ्या पुढे गेले. नियम असा आहे की पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवायचं. मागे चिकटून चालवलं की पुढचा माणूस वारा अंगावर घेतो आणि आपलं काम हलकं होतं. म्हणून हौशी माणसांना ते मना आहे. मोटारसायकलवरून पंच फिरतात, सापडलात तर पाच मिनिटं थांबवून ठेवतात. पण सगळ्यांत शेवटी राहिलेल्यांच्या मागे कोण फिरणार? रस्ता रिकामा होता. मी त्यांच्या मागच्या चाकाला लागले.

चुकून झालं असं मी म्हणणार नाही. पहिला किलोमीटर कदाचित चुकून असेल. पुढचे चौदा नाही. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, काही बोलले नाहीत. मी पायांकडे बघत राहिले.

१० तास २४ मिनिटांनी मी सायकलवरून उतरले. सहा मिनिटं हातात. मग धावले, बरीचशी चालले, आणि १६ तास ४२ मिनिटांनी कमानीखालून गेले. गळ्यात पदक पडलं. तेव्हा रडूही आलं, ते खरंच होतं.

परतीच्या विमानात बँकेतल्या सवयीने हिशेब मांडला. ते पंधरा किलोमीटर माझ्या वेगाने ५० मिनिटांचे होते. त्यांच्या मागे ४१ मिनिटं लागली. नऊ मिनिटं वाचली आणि शिल्लक होती सहा. बेरीज-वजाबाकी दोनदा करून पाहिली.

सांगलीत चौकात फ्लेक्स लागला. गणपतीत शाल-श्रीफळ झालं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “पंचांनी धरलं नाही ना? मग झालं तर.” आमच्या तरुण कोचने तर हसून सोडून दिलं, “काकू, मागच्या बाजूला सगळेच करतात.” असेलही. पण फ्लेक्सवर ‘सगळेच’ नव्हते, माझा एकटीचा फोटो होता. चौक टाळून बँकेत जायला मी गणपती विसर्जनापर्यंत लांबचा रस्ता धरला.

मग कोरोनाची वर्षं गेली. २०२२च्या नोव्हेंबरात गोव्यात मिरामारला निम्म्या अंतराची आयर्नमॅन होती. १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं. सायकल संपवायची मर्यादा साडेपाच तास. समुद्रातलं पोहणं ५० मिनिटांत झालं. सायकलवर प्रत्येकापासून १२ मीटर लांब राहायचं ठरवलं होतं आणि राहिलेही. खरं तर इतके लोक मला मागे टाकत होते की फार प्रयत्न करावा लागला नाही.

सत्तराव्या किलोमीटरला मागचं चाक बसलं. ट्यूब जवळ होती, पण नवा टायर रिमला असा घट्ट बसला होता की माझ्या बोटांनी सुटेना. स्कूटरवरची दोन पोरं थांबली. एक गॅरेजात कामाला होता.

“मावशी, सरा बाजूला. दोन मिनिटांत काढून देतो.”

“नको रे. नियमात बसत नाही.” स्पर्धकाने स्पर्धकाला मदत केलेली चालते, बाहेरच्याने केलेली नाही.

“इथं कोण बघतंय? आम्ही कुणाला सांगत नाही.”

मी पुन्हा नको म्हटलं. ती गेली नाहीत. झाडाखाली बसून माझी धडपड बघत राहिली. एकजण अधूनमधून तोंडाने सांगायचा, “लिव्हर तिकडून घाला.” हे नियमात बसतं का, मला माहीत नाही. मी मात्र लिव्हर तिकडूनच घातला. चोवीस मिनिटं गेली.

मिरामारला पोचले तेव्हा ५ तास ३६ मिनिटं झाली होती. एका स्वयंसेवक मुलीने वाकून माझ्या घोट्यावरची वेळ मोजायची चिप सोडून घेतली आणि “सॉरी मॅम” म्हणाली. निकालात माझ्या नावापुढे वेळ नाही. माझं बूट घालून धावायचं राहिलं ते राहिलंच.

क्लागेनफुर्टचं पदक ह्यांनी हॉलमधल्या कपाटात लावलंय, ते मी काढलेलं नाही. कुणी विचारलं की आता हे सगळं सांगावं लागतं, आणि पाहुण्यांचा चहा गार होतो.

दर रविवारी आमच्या सायकलवाल्याच्या दुकानात बसून मी मागचं चाक काढते, ट्यूब बदलते, परत बसवते. तो घड्याळ लावतो. गेल्या रविवारी अकरा मिनिटं लागली.