उद्या शाळा भरेल का?

आम्ही नागपूरच्या लकडगंजमधल्या बचत गटाच्या बाया. पावसाळा लागला की आमच्या घरोघरी रात्री एकच प्रश्न असतो, "आई, उद्या शाळा आहे का गं?"

लेकरांना सुट्टीची मजा वाटते. पण आमच्यात कुणी धुणीभांडी करते, कुणी दुकानात कामाला जाते. शाळा बंद म्हणजे लेकरू घरी, दुपारचा पोषण आहार नाही आणि आमचा खाडा.

थंड देशांत बर्फ पडला की शाळा बंद होतात. तिथली पोरं आदल्या रात्रीच अंदाज बांधत बसतात. आपल्या विदर्भात उन्हाची सुट्टी आधीच ठरलेली असते. ऊन पाहूनच आपल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. पावसाची सुट्टी मात्र रातोरात येते. 23 सप्टेंबर 2023 आठवा. मध्यरात्रीनंतर चारेक तासांत नागपुरात शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि सकाळी शाळांना सुट्टी जाहीर झाली.

मग अंदाज बांधायचा कसा? हवामान खातं जिल्ह्याजिल्ह्याला रंग देतं. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे लगेच पावलं उचला. हे रंग खात्याच्या 'मौसम' ॲपवर दिसतात, रेडिओवरही सांगतात. पण रंग म्हणजे सुट्टी नव्हे. नारिंगी असूनही शाळा भरते. सगळ्या जिल्ह्याची सुट्टी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानेच होते.

हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. एकदा मोबाईलवर सुट्टीचा आदेश फिरला. आमच्यातल्या दोघी कामावर गेल्या नाहीत. नंतर कळलं, तो कागद मागच्या वर्षीचा होता! शाळा भरली होती आणि दोघींची मजुरी बुडाली. तेव्हापासून आदेशावरची तारीख वाचल्याशिवाय आम्ही तो पुढे पाठवत नाही.

आता संध्याकाळी आम्ही तीन गोष्टी बघतो. उद्याचा रंग कोणता? दोन-तीन दिवसांची झड आहे का, नाले आधीच भरलेत का? आणि जोराचा पाऊस पहाटे आहे की दुपारी? रंग लाल किंवा नारिंगी, नाले भरलेले आणि पाऊस पहाटेचा, असं जुळलं तर सुट्टीची शक्यता मोठी. मग रात्रीच ठरवतो, उद्या कुणाच्या घरी सगळी लेकरं बसतील आणि खिचडी कोण टाकेल. गटातली एक जण घरी राहते, बाकीच्या कामावर जातात. राहणारीची मजुरी आम्ही वर्गणीतून भरून देतो. सकाळी एक जण शाळेत फोन करून खात्री करते आणि सगळ्यांना कळवते.

अंदाज चुकतोही. तयारी करावी आणि ऊन पडावं, असंही होतं. तेव्हा खिचडीचे तांदूळ डब्यात परत जातात, नुकसान काही नाही.

गावाकडच्या मैत्रिणींनो, एक गोष्ट मात्र पक्की धरा. शाळा सुरू असली, तरी वाटेतल्या नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असेल, तर लेकराला पाठवू नका. तो नाला जिल्ह्याच्या कचेरीतून दिसत नाही, तुम्हाला दारातून दिसतो. अडचण आली तर 1077 या जिल्हा आपत्ती क्रमांकावर फोन करा. बुडालेला अभ्यास नंतर भरून काढता येतो.

येत्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की हाही विषय घ्या. तुमच्या गावात लेकरं कुणाच्या घरी बसतील, ते आधीच ठरवून ठेवा.