सापाच्या विषापासून बीपीच्या गोळीपर्यंत



ब्राझीलच्या आग्नेय भागात जराराका नावाचा एक साप आढळतो. आपल्या सह्याद्रीतल्या चापड्याच्या जातकुळीतला. तो चावला की माणसाचा रक्तदाब झपाट्याने उतरतो. असं का होतं, याचा शोध साओ पावलोमधल्या शास्त्रज्ञांनी घेतला, आणि 1949 साली रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रॅडिकायनिन या पदार्थाबद्दलचं संशोधन प्रसिद्ध केलं. गंमत अशी, की ब्रॅडिकायनिन सापाच्या विषात नसतंच. ते आपल्याच रक्तातल्या एका प्रथिनात दडलेलं असतं. विष त्याला मोकळं करतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब खाली येतो.

पण मोकळं झालेलं ब्रॅडिकायनिन शरीरात फार वेळ टिकत नाही. एन्झाइम त्याचे लगेच तुकडे करतात. रोशा ए सिल्वांच्याच हाताखाली तयार झालेले सर्जिओ फेरेरा यांना 1965 साली विषातच असं काही सापडलं, की जे ब्रॅडिकायनिनचे तुकडे होऊच देत नाही. हा अर्क घेऊन ते लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे वाय. एस. बखले काम करत होते. हे आडनाव आपल्या कानांना ओळखीचं वाटेल. कुत्र्याच्या फुप्फुसातून काढलेल्या अर्कात एक एन्झाइम असतं, त्याच्यावर बखल्यांचे प्रयोग चालू होते. फेरेरांनी आणलेला पदार्थ त्यात घालून पाहिला, तर ते एन्झाइम थंडावलं. 1968 मधली ही गोष्ट.

हे एन्झाइम म्हणजे एसीई. त्याचं काम नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्या रक्तात अँजिओटेन्सिन-एक नावाची दहा ॲमिनो आम्लांची साखळी असते. ती तशी निरुपद्रवी. एसीई तिच्या शेवटची दोन आम्लं कापून टाकतं. उरलेली आठ आम्लांची साखळी, म्हणजे अँजिओटेन्सिन-दोन, रक्तवाहिन्या आवळते आणि दाब चढवते. आणि हेच एसीई दाब उतरवणाऱ्या ब्रॅडिकायनिनचेही तुकडे करतं. म्हणजे या एका एन्झाइमला आवरलं, तर दोन्ही बाजूंनी दाब खाली येईल. व्हेन यांनी अमेरिकेतल्या स्क्विब या औषध कंपनीला याच्या मागे लागा असं सुचवलं. न्यू जर्सीतल्या कंपनीच्या प्रयोगशाळेत दोघांनी हे काम अंगावर घेतलं. डेव्हिड कुशमन हे जीवरसायनशास्त्रज्ञ, आणि मूळचे अर्जेंटिनाचे मिगेल ओंडेट्टी हे पेप्टाइडचे, म्हणजे ॲमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचे, रसायनशास्त्रज्ञ.

विषातल्या ज्या पेप्टाइडनी एसीई थांबत होतं, त्यातलं सर्वांत टिकाऊ निघालं ते नऊ ॲमिनो आम्लांचं. त्याला पुढे टेप्रोटाइड असं नाव मिळालं. ते प्रयोगशाळेत बनवून रुग्णांच्या शिरेतून दिलं, आणि रक्तदाब खरोखर उतरला. मात्र ते तोंडावाटे देऊन उपयोग नव्हता. आपण खाल्लेल्या डाळीतलं प्रथिन आणि औषध म्हणून गिळलेलं पेप्टाइड, यांत आपलं पोट भेद करत नाही. दोन्ही पचवून टाकतं. रक्तदाबाचा रुग्ण वर्षानुवर्षं औषध घेतो, त्याला रोज शिरेतून सुई टोचणार कोण?

इथे थोडं थांबून, पेप्टाइड बनवतात कसं ते सांगतो. कारण रेणू कागदावर काढणं वेगळं आणि तो बाटलीत आणणं वेगळं. पूर्वी एकेक ॲमिनो आम्ल जोडलं, की दर वेळी मिश्रणातून हवा तो पदार्थ वेगळा काढायचा, स्फटिक करायचे, शुद्ध करायचे, मग पुढचं आम्ल. लहानशा साखळीत महिनोन्‌महिने जात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले ब्रूस मेरिफिल्ड यांनी 1963 मध्ये यावर तोड काढली. साखळीचं एक टोक त्यांनी पॉलिस्टायरीनच्या बारीक कणांना बांधून टाकलं. मग प्रत्येक जोडणीनंतर कण फक्त धुवायचे. जादा रसायनं वाहून जातात, साखळी कणाला चिकटून राहते. पुढच्याच वर्षी त्यांनी याच पद्धतीने ब्रॅडिकायनिन बनवून दाखवलं. 1984 साली त्यांना नोबेल मिळालं.

आजही पेप्टाइडच्या प्रयोगशाळेत काम असंच चालतं. काचेच्या भांड्यात खाली गाळणी, तिच्यावर डीएमएफ या द्रावकात फुगलेले रेझिनचे कण. ॲमिनो आम्लाच्या एका टोकावर संरक्षक गट बसवलेला असतो, म्हणजे ते आपल्याशीच जुळत बसत नाही. जोडणी झाली की पिपेरिडीन घालून तो गट काढायचा. पिपेरिडीनचा वास इतका उग्र, की फ्यूम हूडबाहेर बाटली उघडली तर शेजारच्या खोलीतले लोक विचारायला येतात. जोडणी पूर्ण झाली का, हे बघायची रीत मोठी साधी आहे. चार-दोन कण चिमटीत येतील एवढे काढायचे, त्यावर निनहायड्रिनचे थेंब टाकून गरम करायचं. कण निळे झाले, तर जोडणी अपुरी, पुन्हा करा. रंग पिवळसरच राहिला, तर पुढे चला. पण साखळीच्या मोकळ्या टोकाला प्रोलीन असेल, तर ही चाचणी फसवते. प्रोलीनची घडण इतर आम्लांपेक्षा निराळी आहे, तिची बाजूची साखळी वळून मुख्य साखळीलाच येऊन मिळते. म्हणून ती निळा रंग देत नाही, आणि काम अर्धवट असूनही सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. तिथे क्लोरॅनिलची दुसरी चाचणी करावी लागते. नवीन मुलांना मी हे पहिल्याच आठवड्यात दाखवतो, कारण इथे हिशेब फार निर्दय असतो. प्रत्येक जोडणी 99 टक्के झाली, तर 50 जोडण्यांनंतर 60 टक्के माल योग्य निघतो. तीच प्रत्येक वेळी 95 टक्के झाली, तर शेवटी 8 टक्केही हाती लागत नाही.

तर या प्रोलीनकडेच आता वळू. टेप्रोटाइडच्या शेवटी लागोपाठ दोन प्रोलीन आहेत. एसीई साखळीच्या शेवटाकडून कापतं, त्यामुळे शेवटचा तुकडा महत्त्वाचा असणार, एवढा अंदाज होता. पण नऊ आम्लांतलं नेमकं काय ठेवायचं आणि काय टाकायचं? स्क्विबमध्ये सुमारे 2,000 वेगवेगळी रसायनं तपासून झाली होती. हाती काही लागलं नव्हतं.

1974 मध्ये कुशमन आणि ओंडेट्टी यांच्या वाचनात एक शोधनिबंध आला. तो एसीईबद्दल नव्हताच. बायर्स आणि वुल्फेंडेन या दोघांनी कार्बॉक्सिपेप्टिडेज-ए या पचनाच्या एन्झाइमवर काम केलं होतं. ते एन्झाइम साखळीच्या टोकाचं एक आम्ल कापतं, आणि त्याच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू असतो. बेंझिलसक्सिनिक आम्ल नावाचा छोटासा रेणू एका बाजूने त्या जस्ताला धरतो आणि दुसऱ्या बाजूने कापलेल्या आम्लाच्या जागी बसतो, असं त्यांना आढळलं होतं. कुशमन-ओंडेट्टी यांनी विचार केला, की एसीईतही जस्त आहे. फरक एवढाच, की ते एकाऐवजी दोन आम्लं कापतं. म्हणजे जस्ताला धरणारा भाग आणि साखळीचं टोक यांमधलं अंतर एका आम्लाइतकं वाढवलं पाहिजे. आणि टोकाला काय ठेवायचं, ते सापाच्या विषाने आधीच सांगून ठेवलं होतं. प्रोलीन.

मला या टप्प्याचं फार मोल वाटतं. आज रेणूंची रचना संगणकाच्या पडद्यावर फिरवून बघता येते. त्या दोघांनी एसीई कसं दिसतं हे कधीच पाहिलेलं नव्हतं. माणसातल्या या एन्झाइमची त्रिमिती रचना प्रसिद्ध झाली 2003 साली, इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातून, रामनाथन नटेश, रवी आचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून. म्हणजे तब्बल पाव शतकानंतर. कुशमन-ओंडेट्टींकडे होता तो दुसऱ्याच एन्झाइमवरचा एक निबंध, आणि तो वाचताना जागी असलेली बुद्धी.

त्यांचा पहिला रेणू सक्सिनिल-प्रोलीन. त्याचा परिणाम अगदीच क्षीण होता. पण तो नेमका एसीईवरच होत होता, म्हणून त्यांनी धागा सोडला नाही. शेजारच्या कार्बनवर एक मिथाइल गट लावला, जोर वाढला. मग साखळीची लांबी कमी-जास्त करून पाहिली. खरी उडी मारली ती जस्ताला धरणाऱ्या टोकाने. तिथला कार्बॉक्सिल काढून गंधकाचा थायॉल गट बसवला. गंधक जस्ताला किती घट्ट धरतो, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतं. रेणूची ताकद एकदम हजार पटींहून जास्त वाढली. त्यावर तो मिथाइल गट पुन्हा योग्य दिशेने लावला, ती आणखी दहाएक पटीने वाढली. योग्य दिशेने हे मुद्दाम म्हणतो. तोच मिथाइल आरशातल्या प्रतिमेसारखा उलट्या बाजूला गेला, तर औषधाचा जोर शंभरेक पटीने घटतो. अणू तेच, संख्या तीच, वजनही तेच. हा जो रेणू तयार झाला, तोच कॅप्टोप्रिल. टेप्रोटाइडचा रेणुभार 1,100 च्या आसपास, कॅप्टोप्रिलचा 217. विषातल्या नऊ आम्लांपैकी एक प्रोलीन तेवढं शिल्लक राहिलं. 1977 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि 1981 मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

अडचणी आल्याच. काही रुग्णांच्या तोंडाची चव गेली, काहींच्या अंगावर पुरळ उठलं. संशय त्या गंधकावरच होता. मग मर्क कंपनीत आर्थर पॅचेट यांच्या गटाने गंधक काढून पुन्हा कार्बॉक्सिल आणला आणि गेलेली ताकद भरून काढायला एन्झाइमच्या दुसऱ्या खाचेत बसेल असा भाग जोडला. आता रेणू जबरदस्त झाला, पण आतड्यातून रक्तात शोषलाच जाईना. त्यांनी त्या कार्बॉक्सिलवर एथिल एस्टर चढवला. या रूपात तो आतड्यातून पार होतो, यकृत एस्टर तोडतं आणि खरं औषध मोकळं होतं. हे एनालाप्रिल. औषधाच्या रेणूला एन्झाइम थांबवण्याखेरीज किती ठिकाणी पास व्हावं लागतं, हे इथे दिसतं. पोटातलं आम्ल, आतड्याची भिंत, यकृत, मूत्रपिंड. आमच्या अभ्यासक्रमात मुलं अभिक्रियांची नावं तोंडपाठ करतात. पण हा गट इथे का लावला आणि काढला तर रुग्णाचं काय होईल, हा प्रश्न त्यांना क्वचितच विचारला जातो. तो विचारायला हवा असं मला मनापासून वाटतं.

पेप्टाइडला लहान करत नेणं, हा झाला एक मार्ग. पेप्टाइड तसंच ठेवून त्याला टिकाऊ करायचं, हा दुसरा. सध्या ज्याची सगळीकडे चर्चा आहे ते मधुमेहावरचं सेमाग्लुटाइड या दुसऱ्या मार्गाने आलं. ते ज्याच्यावर बेतलेलं आहे ते, आपल्या आतड्यात तयार होणारं जीएलपी-वन हे संप्रेरक रक्तात जेमतेम दोन मिनिटांत निम्मं होतं, कारण एक एन्झाइम त्याच्या दुसऱ्या आम्लाशी कापतं. रसायनशास्त्रज्ञांनी त्या जागी एक मिथाइल गट जास्त असलेलं आम्ल घातलं, म्हणजे एन्झाइमची पकड बसत नाही. पुढे एका लायसिनला लांब मेदाम्ल लावलं, ते रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहतं. दोन मिनिटांचा आठवडा झाला. मात्र इंजेक्शन सुटलं नाही. गोळीही निघाली, पण तिच्यातल्या औषधाचा शंभरातला एक भागही रक्तात पोचत नाही.

शेवटी एक घरगुती गोष्ट. रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल अशी एसीई थांबवणारी गोळी सुरू केल्यावर काही जणांना कोरडा खोकला लागतो. कफ नाही, ताप नाही, नुसती ढास. लोक आल्याचा रस घेतात, खोकल्याच्या बाटल्या संपवतात, आणि गोळीचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. एसीई थांबलं की ब्रॅडिकायनिनचे तुकडे होणंही थांबतं. ते साठतं, आणि खोकल्याचं कारण बहुतेक तेच असावं असं मानतात. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा. ते बहुधा 'सार्टन' गटातली गोळी देतील, लोसार्टन किंवा टेल्मिसार्टन. ती एसीईला हात लावत नाही, अँजिओटेन्सिन-दोन जिथे जाऊन बसतं ती जागाच अडवते, त्यामुळे ब्रॅडिकायनिन नेहमीसारखं मोडत राहतं आणि ढास सहसा थांबते. आणि घरात कुणी गरोदर असेल किंवा तसा विचार असेल, तर प्रिल असो की सार्टन, या दोन्ही गोळ्या बाळाला अपायकारक आहेत, म्हणून डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.